गोठा आधी की घर आधी?



पेसाहनंतरच्या एका संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आमच्याच गल्लीत वाढलेला, म्हणून शाळेतही तो आम्हांस 'काका'च म्हणे. आता वय अडतीस, संगणकाच्या एका मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. चहा होईपर्यंत तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, कंपनी मला तीन वर्षांसाठी कॅलिफोर्नियाला पाठवतेय. पगार जवळजवळ दुप्पट. परत आल्यावर विभागाचा प्रमुख करतील. बायको तयार आहे, पण मनापासून नाही. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. आणि आई दिमोनाला एकटी. तुम्ही सांगा, हो म्हणू की नको म्हणू?"

पस्तीस वर्षे गणित शिकविल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. कोणी उत्तर विचारले की आम्ही रीत सांगतो. त्याला म्हटले, "बाळा, तू का जाणार आहेस ते एका कागदावर लिही. कोणाला दाखवायला नाही, मनात जसं येईल तसं. आणि दोन आठवड्यांनी ये." तो हसला, पण कागद लिहितो म्हणाला. तो गेल्यावर आम्हीही आपली पुस्तके काढून बसलो. त्या दोन आठवड्यांत जे वाचले व जे आठवले, ते या पानांवर मांडीत आहोत. शब्बाथच्या दुपारी चार माणसे जमवून वाचणारी मंडळी आपल्यात अजून आहेत. त्यांना चर्चेस उपयोग झाला तर आनंदच आहे.

पहिला उतारा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तिशा बेआवच्या आधीच्या उन्हाळ्याच्या दिवसांत आपण मशिदीत 'मत्तोत' हा पाराशा ऐकतो. त्यात, म्हणजे बेमिदबारच्या ३२व्या अध्यायात, रूबेन व गाद या दोन वंशांची हकीकत आहे. इस्राएल लोक यार्देन नदीच्या पूर्वेस येऊन पोहोचले आहेत, नदी ओलांडली की वचनाचा देश. रूबेन आणि गाद यांच्याजवळ गुरेढोरे फार. याजेर व गिलाद येथील कुरणे पाहून त्यांचे मन तेथेच अडकले, व त्यांनी मोशे रब्बेनूंस विनंती केली की ही जमीन आम्हांस द्या, आम्हांस नदीपलीकडे नेऊ नका.

मोशे रागावले. तुमचे भाऊ लढाईस जातील आणि तुम्ही येथे बसून राहणार काय, असे त्यांनी विचारले. तेव्हा ही मंडळी जवळ आली व म्हणाली की आम्ही येथे आमच्या गुरांसाठी गोठे बांधू, आमच्या मुलाबाळांसाठी नगरे बांधू, आणि आम्ही स्वतः हत्यारबंद होऊन सर्वांच्या पुढे चालू. सर्वांना आपापले वतन मिळेपर्यंत घरी परतणार नाही. मोशेंनी हे मान्य केले. मान्य करताना त्यांनी त्यांचेच बोलणे पुन्हा उच्चारले, परंतु एक फरक करून. ते म्हणाले की मुलाबाळांसाठी नगरे बांधा आणि गुरांसाठी गोठे बांधा. ज्यांच्याजवळ तोरा असेल त्यांनी १६वे व २४वे वचन शेजारी शेजारी ठेवून पाहावे. शब्द जवळजवळ तेच आहेत, फक्त क्रम उलटला आहे.

फ्रान्समधील त्रॉय गावचे थोर भाष्यकार रशी (१०४०–११०५) यांची नजर नेमकी येथेच थांबली. मिद्राशाच्या आधारे ते सांगतात की या लोकांना मुलामुलींपेक्षा मालमत्तेची काळजी जास्त होती, म्हणून त्यांच्या तोंडून गुरे आधी बाहेर पडली. आणि मोशेंनी त्यांना शिकविले की मुख्य ते मुख्य ठेवा व दुय्यम ते दुय्यम.

आता यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, व ती आमच्या मते पुष्कळदा सुटून जाते. मोशेंनी त्यांना गुरे विका असे सांगितले नाही. कुरणाची जमीनही नाकारली नाही, उलट मनश्शेच्या अर्ध्या वंशालाही तेथेच हिस्सा दिला. माणसाने पुढे जावे, कमवावे, चांगली जमीन दिसली तर ती मागावी, याला आपल्या धर्मात कोठेच दोष नाही. तालमुदात, किद्दूशीन या भागात, पित्याची कर्तव्ये मोजली आहेत. तोरा शिकविणे, लग्न लावून देणे यांच्याबरोबरच मुलाला धंदा शिकविणे हेही त्यात आहे. कोणी म्हणतात पोहायलाही शिकवावे. (समुद्रकाठच्या आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या पूर्वजांनी हे शेवटचे कलम तरी नक्की पाळले असेल!) तेव्हा महत्त्वाकांक्षेवर मोशेंचा राग नव्हता. त्यांनी फक्त वाक्य दुरुस्त केले.

आणि त्या लोकांनीही ती दुरुस्ती ऐकली. पुढच्याच उत्तरात, २६व्या वचनात, ते आपली मुले, आपल्या बायका, आपली गुरे असा क्रम लावतात. अध्यायाच्या शेवटी गादच्या लोकांनी काय काय बांधले त्याची यादी आहे; त्यातही नगरांची नावे आधी व गोठे शेवटी आले आहेत. शिक्षकाला याहून जास्त काय हवे? चूक दाखविली आणि विद्यार्थ्याने वही सुधारून आणली.

पण गोष्ट येथे संपत नाही. शब्द दिल्याप्रमाणे ते लढाईस गेले. परंपरेनुसार देश जिंकण्यास सात वर्षे व वाटणीस सात वर्षे लागली. चौदा वर्षांनी येहोशुआने त्यांना निरोप दिला, तेव्हा येहोशुआच्या पुस्तकातील २२व्या अध्यायाप्रमाणे ते पुष्कळ गुरे, सोने, रुपे, तांबे, लोखंड आणि कपडालत्ता घेऊन परतले. आजच्या भाषेत बोनस घेऊनच परतले म्हणा ना. आणि याच्या शेजारी बेरेशीत रब्बा या मिद्राशातील एक वाक्य ठेवा. त्यात गादच्या वंशाबद्दल सांगितले आहे की ते लहान मुले मागे ठेवून गेले. ज्याने दहा वर्षांचा मुलगा मागे ठेवला त्याला तो चोवीस वर्षांचा सापडला.

मिद्राश हे एवढेच सांगतो व पुढे जातो. आम्ही मात्र बराच वेळ तेथेच थांबलो. त्या लोकांनी काही पाप केले नव्हते. शब्द पाळला, भावांसाठी लढले. क्रमही सुधारला होता. तरी चौदा वर्षे गेली ती गेलीच. क्रम एकदा तोंडाने सुधारून भागत नाही, तो रोजच्या दिवसात बसवावा लागतो. पुढे इ.स.पूर्व ८व्या शतकात अश्शूरच्या राजाने याच अडीच वंशांना कैद करून नेले, हे दिव्रे हय्यामीममध्ये लिहिले आहे. काही ऋषी त्याचा संबंध या जुन्या मागणीशी जोडतात. आम्हांस तो जोड फारसा पटत नाही. सरहद्दीवर राहणाऱ्यावर शत्रू आधी चालून येतो, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

दुसरा उतारा कमी परिचयाचा आहे, पण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी त्याचे नाते इतके जवळचे की आम्ही चकित झालो. लग्नात हजान केतुबा वाचतात, त्याच नावाचा तालमुदाचा एक भाग आहे, केतुबोत. त्यातील मिश्नात नवऱ्याने बायकोपासून किती काळ दूर राहावे याचे नियम धंद्यावरून ठरविले आहेत. मजूर असेल तर आठवड्यातून दोनदा तरी तिच्याजवळ असावे. गाढवांवरून माल वाहणारा आठवड्यातून एकदा, उंटांवरून माल वाहणारा तीस दिवसांतून एकदा, आणि खलाशी सहा महिन्यांतून एकदा. गाढववाला जवळपासच्या गावांत फिरतो, म्हणून लवकर परततो. उंटवाला लांबच्या मुलखात जातो, माल जास्त नेतो, कमाईही जास्त करतो.

यावर गमारात राब्बा बार राव हानान हे अबाये यांना प्रश्न करतात की गाढववाला असलेल्या माणसाला उंटवाला व्हायचे असेल तर? म्हणजे बढती मिळते आहे, पैसे वाढणार आहेत, फक्त घरी येणे आठवड्याऐवजी महिन्यावर जाणार आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बाबिलोनियात हा प्रश्न कोणीतरी विचारला होता, आणि तो आमच्या दिवाणखान्यात चहाचा कप हातात धरून बसला होता!

अबायेंचे उत्तर धान्याच्या मापात आहे. कव हे तेव्हाचे माप, आपल्या शेर-दोन शेरांइतके. ते म्हणतात की दूर राहून आणलेल्या दहा कवांपेक्षा जवळ असलेल्या नवऱ्याचा एक कव बाईला अधिक आवडतो. आता सर्वच बायकांना असे वाटते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, आमच्या सौ.ला विचारले तर ती म्हणाली, "कोणते दिवस आहेत त्यावर आहे. हप्ता थकला असेल तर उंटवाला बरा." विनोद सोडला तर मुद्दा असा की धंदा बदलण्याचा हक्क नवऱ्याचा एकट्याचा धरलेला नाही. घरी असणे हे घरच्यांचे येणे आहे, आणि ज्याचे येणे आहे त्याला विचारल्यावाचून ते कमी करता येत नाही. त्याला नुसते कळवून भागत नाही, विचारावे लागते.

आणि दूर राहण्याचे कारण पैसा नसून पवित्र असले तरी? त्याच पानावर राव रेहूमी यांची गोष्ट आहे. ते महोझा येथे रावा यांच्यापाशी शिकत व वर्षातून एकदाच, योम किप्पूरच्या आदल्या दिवशी, घरी येत. एका वर्षी अभ्यासात इतके रंगले की जाण्याचे भानच राहिले नाही. इकडे बायको वाट पाहत होती, आता येतील, मग येतील. ते आले नाहीत. तिचे मन खचले व डोळ्यांतून एक अश्रू गळला. त्याच क्षणी ते ज्या छपरावर बसले होते ते खचले आणि ते मरण पावले. तोरा शिकणाऱ्यांनीच ही गोष्ट लिहून ठेवली, स्वतःच्या जातभाईविरुद्ध. ऑफिसचे काम, देशाचे काम, समाजाचे काम, मशिदीच्या कमिटीचे काम, कोणतेही थोर नाव दिले तरी त्या अश्रूचा हिशेब चुकत नाही असे त्यांना सांगावयाचे असावे.

आपल्या बेने इस्राएल समाजापुरते पाहिले तर हा धडा आपल्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. कोकणात लोक आपल्याला शनिवार तेली म्हणत. सोमवार तेली महादेवासाठी सोमवारी घाणा बंद ठेवीत, आपण शब्बाथला. वाचकांना हे नाव लहानपणापासून ठाऊक आहे, व अभिमानाने आपण ते सांगतो. परंतु त्यामागचा हिशेब किती जणांनी केला आहे? सातांतला एक दिवस म्हणजे वर्षाचे बावन्न दिवस. तेल्याचा धंदा हातावरचा. घाणा फिरला तर तेल, तेल विकले तर तांदूळ. खेड्यात कोणाच्या घरी शनिवारी लग्नकार्य निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जाणार, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. घाण्याच्या बैलालाही त्या दिवशी सुटी, कारण तोराची आज्ञा जनावरासही लागू आहे. डोळ्यांना झापडे बांधून आठवडाभर गोल फिरणारा तो बैल एक दिवस झापडे काढून मोकळा उभा राहत असेल.

आपल्या पूर्वजांचे हिब्रू विसरून गेले होते. सेफेर तोरा जवळ नव्हता. हनुक्का ठाऊक नव्हता. राहिले ते शेमा, सुंता, खाण्याचे नियम आणि हा एक दिवस. ज्यांच्याजवळ इतके थोडे उरले त्यांनी त्यातही धंद्याला आडवा येणारा दिवस सोडला नाही. रशी न वाचताही त्यांना क्रम पाठ होता.

मुंबईस आल्यावर हे अवघड झाले, तेही कबूल करावे. अठराव्या शतकापासून आपली माणसे पलटणीत, पुढे सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, गिरण्यांत गेली. मालक दुसरा, सुटी रविवारची. आमचे वडील शनिवारी अर्धा दिवस ऑफिसला जात. आम्ही माझगावला शाळेत होतो तेव्हा आम्हांस याची लाज वाटे, व एकदा आम्ही त्यांना तसे बोलूनही दाखविले. ते रागावले नाहीत. शुक्रवारी मात्र कितीही काम असो, ते दिवेलागणीच्या आत घरी असत. आई काचेच्या पेल्यात पाणी व त्यावर खोबरेल तेल घालून दिवा लावी, काळ्या मनुकांचे शरबत तयार असे, आणि ते किद्दूश म्हणत. त्यांना एकदा नागपूरला हेडक्लार्कची जागा देऊ केली होती. आजी अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून ते गेले नाहीत. हे आम्हांस त्यांच्या तोंडून कधीच कळले नाही, ते वारल्यावर कागदपत्रांत पत्र सापडले.

आता आमचे स्वतःचे. हे गाळता आले असते, पण मग हा धडा लिहिण्याचा आम्हांस हक्क राहिला नसता.

१९७६ साली मुंबईत एस.एस.सी. होऊन पुढे दोन वर्षांनी आम्ही इकडे आलो. भाषा शिकलो, सैन्यातील नोकरी केली, शिकलो, शिक्षक झालो. पुढे गणित विभागाचे प्रमुखपद मिळाले. घराच्या मश्कांताचे हप्ते होते, म्हणून संध्याकाळी एका खाजगी वर्गात बग्रुतची तयारी करून घेऊ लागलो. आठवड्याचे चार दिवस रात्री नऊनंतर घरी. "हे सगळे मुलांसाठीच चालले आहे ना," असे आम्ही म्हणत असू. रूबेन आणि गाद यांनीही मुलांचे नाव घेतले होतेच, ते आम्हांस पुष्कळ उशिरा दिसले.

आमची धाकटी मुलगी तेव्हा अकरावीत होती. एके दिवशी तिच्या वर्गशिक्षिका बाजारात भेटल्या व सहज म्हणाल्या की तिने पाच युनिटांचे गणित सोडून तीन युनिटांचे घेतले हे बरेच झाले, तिच्यावरचा ताण कमी झाला. आम्ही मान हलविली. तिने गणित सोडून चार महिने झाले होते आणि आम्हांस पत्ता नव्हता. त्या चार महिन्यांत आम्ही लोकांच्या चाळीस मुलांकडून तोच पाच युनिटांचा अभ्यास करून घेत होतो. घरी येऊन सौ.ला विचारले, तुला ठाऊक होते काय? ती म्हणाली, "ठाऊक होतं. तिनेच सांगू नको म्हटलं. म्हणाली, आबांना वेळ झाला की विचारतील." मग थोडे थांबून, "दिव्याखाली अंधार," एवढेच बोलून ती चपात्या लाटू लागली.

आम्ही संध्याकाळचा वर्ग लगेच सोडला असे सांगता आले असते तर लेख चांगला दिसला असता. तसे झाले नाही. वर्षाअखेरपर्यंत शब्द दिलेला होता, हप्तेही होते. पुढच्या वर्षी चाराचे दोन दिवस केले. मुलीचे काही वाईट झाले नाही, ती आज परिचारिका आहे व उत्तम काम करते. परंतु गणित तिने पुन्हा हातात धरले नाही, आणि आम्हीही तो विषय तिच्याजवळ काढत नाही.

असो. दोन आठवड्यांनी तो विद्यार्थी कागद घेऊन आला. हिब्रूत लिहिला होता. आम्ही त्याला मत्तोतमधील ती दोन वचने व केतुबोतमधील उंटवाला वाचून दाखविला, आणि मग म्हटले, आता तुझा कागद तूच वाच. पहिल्या ओळीत पगार होता. दुसऱ्या ओळीत परत आल्यावरचा हुद्दा, तिसऱ्या ओळीत मुलांचे इंग्रजी. सातव्या ओळीत 'आईची सोय' असे दोन शब्द होते. बायकोचे नाव कोठेच नव्हते. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. आम्ही काही बोललो नाही. वर्गात मुलाला स्वतःची चूक सापडत असते तेव्हा मास्तराने खडू खाली ठेवावा.

त्यानंतर तो एकदा फोनवर बोलला. बायकोला त्याने नीट बसून विचारले. ती म्हणाली, "आजवर तू मला सांगितलंस, विचारलं नव्हतंस." तिचे म्हणणे तीन नाही, दीड वर्ष, आणि उन्हाळ्यात मुलांना आजीकडे पाठवायचे. पुढच्या शब्बाथला तो दिमोनाला गेला व आईलाही विचारले. ती बाई खमकी आहे. "जा की," म्हणाली, "पण आधी माझ्या मोतीबिंदूचं होऊ दे. मला तुझा फोटो तरी दिसला पाहिजे." दीड वर्ष चालेल का, असे त्याने कंपनीला लिहून विचारले आहे. हा अंक छापावयास जाईपर्यंत तिकडून उत्तर आलेले नाही. मोतीबिंदूची तारीख मात्र मिळाली आहे.